आत्याने दादाला चहाला बोलावलं

पडदा वर जातो तेव्हा समोर स्वयंपाकघर दिसतं. मध्यभागी कमरेइतका उंच ओटा, धरून उभं राहता यावं म्हणून त्याला पुढच्या बाजूने बसवलेला लोखंडी दांडा. ओट्यावर हिरव्या रबराची चटई आणि तिच्यावर विजेची किटली. ही किटली उचलायची नाही. ती एका चौकटीत अडकवलेली आहे आणि मागून ढकलली की पुढे झुकते. शेजारी दोन कानांचा कप. एक लाकडी फळी, तिच्यातून वर आलेले दोन खिळे; बटाटा त्यांच्यावर खोचला की एका हाताने सोलता येतो. डाव्या विंगेत, म्हणजे दाराच्या चौकटीत, निळा एप्रन घातलेली पन्नाशीची बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी आहे. आणि ओट्यापाशी, दांड्याला पोट टेकवून, नाटकाची नायिका. वय चव्वेचाळीस. डावा हात छातीशी मुडपलेला, उजवा थरथरणारा, काठी हुकाला टांगलेली, आणि चेहऱ्यावर असा राग की किटलीने बटण न दाबता उकळावं.

हा तिचा तिथला पहिला चहा. बावन्न मिनिटं लागली. साखर थोडी कपात, बरीचशी जमिनीवर. दुधाने चटई धुऊन निघाली. चहाची पिशवी दोनदा फाटली. पण शेवटी कप भरला, म्हणजे अर्धा भरला, आणि दुसऱ्या कुणाचा हात न लागता भरला.

दारातल्या बाईला सगळे सिस्टर म्हणत. बावीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढून ती या संस्थेत आली होती. दोन मजली जुनी इमारत. हातापायांनी, डोळ्यांनी किंवा डोक्याने जरा वेगळी असलेली मोठी माणसं इथे अकरा महिने राहत आणि एकटं राहायला शिकत. कुलूप उघडायचं, इस्त्री करायची, बस पकडायची, डॉक्टरांपुढे आपलं दुखणं आपणच सांगायचं. इथला एकच नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत होता, आणि तो शिकवणाऱ्यांसाठी होता: हात मागे. शिकणाऱ्याने तोंडाने मागितल्याशिवाय त्याच्या कामाला हात लावायचा नाही. भाजेल, कापेल, पडेल असं दिसलं तर गोष्ट वेगळी. दूध सांडलं, तर सांडू द्यायचं. रंगभूमीवर चांगला प्रॉम्प्टर असाच असतो. नट अडखळला की तो लगेच ओळ फेकत नाही, एक श्वास थांबतो. ती शांतता कदाचित नटानेच घेतलेली असते. सिस्टर त्या जातीची होती. दूध सांडताना तिच्या पाठीमागच्या बोटांची काय गत होत असेल, ते फक्त मागच्या भिंतीला ठाऊक.

"कुणासाठी केलात हा चहा?" तिने विचारलं.

"दादासाठी."

"दादा लाडके दिसतात."

"तो इथे बसेल," तिने हनुवटीने खुर्ची दाखवली, "आणि मी करीन. बावन्न मिनिटं. त्याला उठू द्यायचं नाही."

सिस्टर हसली नाही. "मग बावन्नच ठेवायची, की कमी करायची?"

"बघू. त्याच्या वागण्यावर आहे."

घरी तिला बेबी म्हणत. पाच वर्षांची असताना म्हणत ते ठीक होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षीही ती बेबीच. जन्मताना श्वास अडकला, मेंदूचा एक कोपरा तेवढ्या वेळात उपाशी राहिला, आणि पुढे हातापायांनी आयुष्यभर आपलाच कारभार चालवला. बुद्धीला धक्का लागलेला नव्हता. नेमकी हीच गोष्ट घरात कुणाच्या लक्षात राहत नसे. आई होती तोवर तिच्या तोंडाकडे बघून बोलायची. आई गेली आणि ती उरली मोठ्या भावाच्या घरात. भाऊ कारखान्यात फोरमन, बरोबर वहिनी आणि त्यांची एक मुलगी.

दोघं वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकायला हवं, कारण वाईट माणसांवर सूड घेणं सोपं असतं. दादाने तिला कधी उपाशी ठेवलं नाही, वहिनीने कधी हात उगारला नाही. वेळेवर औषध, वेळेवर आंघोळ, थंडीत दोन पांघरुणं. फक्त तिला कधी कुणी काही विचारलं नाही. पाहुणा म्हणाला, "काय, कशा आहात?" की दादा म्हणे, "बरी आहे ती." दुकानदाराने विचारलं, "कोणता रंग दाखवू?" की वहिनी म्हणे, "तिला काय, कोणताही चालतो." तिला जांभळा आवडत असे. एकोणीस वर्षं तिने करड्या रंगाचे स्वेटर घातले.

तिचं बोलणं हळू होतं. जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवावं तसं तिचं वाक्य उतरे. थांबत, टेकत, कधी भिंतीला घासत, पण शेवटी जमिनीवर येई. दादा पहिल्याच पायरीवर ते कपाट तिच्या हातातून काढून घेई आणि कुठेतरी तिसरीकडेच नेऊन ठेवी.

आणि मग पुतणीचं लग्न झालं. जिला तिने मांडीवर खेळवलं, जिची पहिली अक्षरं तिच्याच पाटीवर उमटली, ती पुतणी. आत्याने नवऱ्यामुलाला म्हणायचं एक वाक्य तीन आठवडे घोटून ठेवलं होतं: "आमच्या पोरीला मधेमधे बोलू द्या हो." बूटही आदल्या दिवशी पुसून घेतले. लग्नाच्या सकाळी दादाने शेजारणीला आणून बसवलं आणि म्हणाला, "बेबी, तुला दगदग होईल. आम्ही फोटो दाखवू." फोटो दाखवलेही, अगदी प्रेमाने, एकेक करून. त्यात तिच्यासाठी जागा सोडलेलीच नव्हती, त्यामुळे ती रिकामीही दिसत नव्हती. त्या फोटोंपुढे बसून तिने मनात गाठ मारली. या माणसाला एकदा आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसवायचं आणि जिभेवरचा प्रत्येक शब्द गिळायला लावायचा. अडचण एकच होती. आपलं घर नव्हतं.

ती संस्थेत पोचली ती दादाच्याच चुकीने. वहिनीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं, बेबीला बघणार कोण? कुणीतरी या जागेचा पत्ता दिला. दादाला वाटलं, आजारी माणसांना ठेवून घेतात तशी ही जागा. अकरा पानी अर्ज त्याने न वाचता शेवटच्या पानावर सही ठोकली. आत्या टेबलापलीकडे बसून तोच अर्ज उलटा वाचत होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: या काळात निवासी व्यक्तीच्या वतीने कोणताही निर्णय नातेवाइकांनी घेऊ नये. ती काही बोलली नाही. तिला इतकी वर्षं गप्प बसायला शिकवलं होतं, त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

इथे मात्र सिस्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं आम्ही?" 'बेबी' तिला सांगायचं नव्हतं. मग म्हणाली, "आत्या." तेवढं एकच नातं तिने स्वतः कमावलेलं होतं.

खोलीत तिच्या जोडीला होती ऑपरेटर. पंधरा वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसलेली, तीन वर्षांपूर्वी दृष्टी गेलेली. डोळे गेले, पण कान दुप्पट पाळी करत. जिन्यावरच्या पावलावरून ती माणूस ओळखी, आणि आवाजावरून त्याच्या पोटात काय चाललंय तेही. प्रत्येकाच्या कपाटावर एक कार्ड लावलेलं असे: मला काय साधायचं आहे. ऑपरेटरचं होतं, 'एकटीने बस पकडणं.' आत्याने सिस्टरला लिहायला सांगितलं: 'दादाला घरी बोलावणं, खुर्चीत बसवणं आणि उठू न देणं.' सिस्टरने शब्दन् शब्द लिहिलं.

ऑपरेटरने ते सिस्टरकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "अगं आत्या, हे साध्य आहे की शिक्षा?"

"दोन्ही."

"आणि तो बिचारा खुर्चीत बसून करणार काय?"

"बघणार."

"मग मलाही बोलाव. मी ऐकायला येईन."

राग हे फार चांगलं इंधन आहे, नीट पेटवलं तर. आत्याने प्रत्येक धड्याला एकेक जुनी जखम जोडून टाकली. बसची पायरी चढताना ती लग्नाच्या मांडवात शिरत असे. इस्त्री फिरवताना करडे स्वेटर भाजत असे. एकदा कपड्यांच्या दुकानात गेली, सिस्टर बरोबर. दुकानदाराने तिला ओलांडून सिस्टरला विचारलं, "यांना कोणता रंग हवा?" सिस्टर छताकडे बघत राहिली. दुकानदार पुन्हा म्हणाला, "अहो बाई, यांना..." सिस्टरने छतावरचा पंखा न्याहाळायला घेतला. शेवटी त्याला मान वळवावीच लागली. "जांभळा," आत्या म्हणाली. तेवढ्या एका शब्दाला पाच सेकंद लागले आणि दुकानदार ते पाचही सेकंद उभा राहिला.

दहा महिन्यांत बावन्न मिनिटांची एकोणीस झाली.

अकराव्या महिन्यात परीक्षा. गच्चीच्या जिन्यापाशी एक छोटं घर होतं, खरोखरीच्या घरासारखं, स्वतःचं दार आणि स्वतःची घंटा असलेलं. तिथे सात दिवस एकटीने राहायचं. जमलं, तर दोन गल्ल्या सोडून साध्या इमारतीत संस्थेने घेऊन ठेवलेल्या खोल्यांपैकी एकीची किल्ली मिळणार. नाही जमलं तर आल्या वाटेने घरी. पुढची तुकडी येऊन थांबलेली असे. सिस्टरच्या खिशात एक तक्ता होता, बेचाळीस ओळींचा, प्रत्येक ओळीपुढे खूण करायला चौकोन.

पहिले तीन दिवस आत्याने मैदान मारलं. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात काठी सटकली, घरंगळत बेसिनखाली गेली, आणि आत्या भिंतीला घासत सावकाश खाली बसली. लागलं काही नाही. कानाशी घंटेची लाल दोरी लोंबत होती. ओढायची की सिस्टर हजर. तिने दोरी ओढली नाही. तिला खात्री होती की सिस्टरच्या पाठोपाठ दादाही आत येईल, निदान तिच्या मनात तरी, आणि म्हणेल: सांगितलं नव्हतं? आठ वाजल्यापासून अकरा वाजेपर्यंत ती फरशीवर बसून राहिली. काठीकडे सरकायला बघे, घसरे, पुन्हा भिंतीला टेके.

भिंतीपलीकडे, दोघींच्या जुन्या खोलीत, ऑपरेटरचे कान टवकारले होते. किटली वाजली नाही, नळ वाजला नाही. अकराला तिने दार ठोठावलं, आत्याचा आवाज जमिनीलगत आला, आणि तिने सिस्टरला बोलावून दार उघडवलं.

"काय गं, फरशीवर काय करतेस? मुंग्या मोजतेस?"

"मला काही नको."

"दिसतंय. म्हणजे मला नाही दिसत, पण कळतंय."

सिस्टरने त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. "किटली येते, कुलूप येतं, बस येते. एकेचाळीस ओळी आल्या. बेचाळिसावी काय आहे, वाचा."

आत्याने वाचली. 'गरज पडल्यास स्वतः, स्पष्ट शब्दांत, मदत मागते.'

"मी वॉर्डात बावीस वर्षं होते, आत्या. पडून जितके गेले त्याहून जास्त 'कशाला कुणाला त्रास' म्हणत गेले. ज्याला मागता येत नाही त्याच्या हातात मी किल्ली देत नाही."

"मागितलं," आत्या म्हणाली, आणि पुढचे शब्द उतरायला फार वेळ लागला, "तर दादा जिंकला."

"असं कुणी सांगितलं? आपल्याला नेमकं काय हवं ते माहीत असतं, तोच मागतो. बाकीच्यांना लोक आपल्या मर्जीने वाढत सुटतात. तुमचं तर आजवर तेच झालं ना?"

आत्या भिंतीकडे तोंड करून बसली. परीक्षा त्या एका ओळीवर अडली. फेरपरीक्षा अजून ठरायची होती, तोवर दादाचा फोन आला.

"बेबी, झाले की दिवस. रविवारी न्यायला येतो. वहिनी चालायला लागलीये. आणि हो, तुमच्या संस्थेने वसाहतीच्या ऑफिसला पत्ता बदलाचं काहीतरी पत्र धाडलंय, त्यामुळे त्यांनी तो तळमजल्याचा फॉर्म पुन्हा मागितलाय. तू काळजी करू नकोस. मी भरूनच आणतो. तू नुसता अंगठा दे."

"कसला... तळमजला?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या वसाहतीत त्यांना तळमजला मिळाला होता तो बेबीमुळे. घरात अपंग माणूस असलं, त्याला एकटं राहता येत नसलं, तर तळमजला आणि पुढचं छोटं अंगण. नाहीतर तिसरा मजला, लिफ्टशिवाय. दादाने फॉर्म भरला होता, अकरा प्रश्न, अकरा वेळा 'नाही', आणि खाली तिचा अंगठा कधीतरी उमटवून घेतला होता. औषधाच्या पावतीवर घेतोय म्हणाला होता.

ज्या अंगणात वहिनीने गुलाब लावले, ज्या अंगणात पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या जात, ते अंगण तिच्या नावाचं होतं. आणि पाहुणे आले की पहिलं काम काय, तर बेबीला आत नेऊन बसवायचं.

तिने फोन खाली ठेवला. ऑपरेटर म्हणाली, "आत्या, तुझा श्वास किटलीसारखा वाजतोय."

"सिस्टरला सांग," आत्या म्हणाली, "फेरपरीक्षा रविवारी. दादासमोर."

रविवारी सकाळी दहाला घंटा वाजली. दादा रिकामी सूटकेस घेऊन आला होता, तिचं सामान भरायला. मागून वहिनी, नव्या गुडघ्यांनी, जुनी भीती घेऊन, काठी टेकत. सिस्टर दाराशी हात मागे बांधून उभी. कोपऱ्यात स्टुलावर ऑपरेटर, ऐकायला. आत्या जांभळा स्वेटर घालून दांड्यापाशी.

"हे काय, उभी का तू? बस, बस," दादा म्हणाला आणि तिला दंडाला धरायला पुढे झाला.

"दादा, बस. त्या खुर्चीत. चहा करते."

"तू? अगं राहू दे, या बाई करतील की."

सिस्टर छताकडे बघायला लागली.

"दादा. बस."

तो बसला. किटलीत पाणी घालताना थोडं सांडलं, तो उठला. "हात मागे," आत्या म्हणाली. तो हसला, तिने चेष्टा केली असं समजून. पिशवी कपात टाकताना दोरा कपाच्या कानात अडकला, तो पुन्हा उठला. "हात मागे, दादा." या वेळी हसला नाही. फोरमनचे हात ते. एखादं यंत्र अडखळलं की सगळ्यांच्या आधी त्याचे हात तिथे पोचायचे. आता ते मांडीवर पडून वळवळत होते. घड्याळाकडे बघून झालं, खिडकीकडे बघून झालं. आत्या मुद्दाम घाई करत नव्हती. घाई तिला येतही नव्हती, पण आज तिच्या सावकाशीला प्रथमच चव होती. किटली मागून ढकलली, ती झुकली, पाणी तीन कपांत उतरलं. नऊ मिनिटं, दहा मिनिटं, अकरा.

मग साखरेचा डबा. आणि इथे घोटाळा झाला. सकाळी दादाच्या विचारात, दातओठ खात, तिने स्वतःच त्याचं झाकण इतकं आवळून बसवलं होतं की आता ते निघेना. काखेत धरून बघितलं. ओट्याच्या कडेला लावून बघितलं. ओलं फडकं घातलं. झाकण ढिम्म. खटपट थांबलेली ऐकून ऑपरेटरनेही मान वर केली.

चहा बिनसाखरेचा देता आला असता. दादा दोन चमचे घेतो. एक क्षण तिला तो कडू घोट त्याच्या चेहऱ्यावर दिसलाही, आणि बरंही वाटलं. पण सिस्टरच्या खिशातला तक्ता तिथेच होता. बेचाळिसाव्या ओळीपुढचा चौकोन रिकामा होता. तो रिकामा राहिला की ती सूटकेस भरणार.

आत्याने डबा ओट्यावर ठेवला.

"दादा. साखरेच्या डब्याचं झाकण सैल कर. काढू नकोस. डबा इथेच ठेव. आणि जागेवर जाऊन बस."

लोखंडी कपाट अख्खा जिना उतरून खाली आलं आणि मधल्या एकाही पायरीवर कुणी हात घातला नाही. दादा उठला, झाकण सैल केलं, सवयीने चमचा उचलला.

"साखर मी घालणार."

त्याने चमचा ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. शाळेतल्या मुलासारखा. आत्याला आश्चर्य वाटलं. मदत मागताना जीभ कडू होईल असं तिला वाटलं होतं. ही तर हुकूम सोडल्याची चव होती. दारात पेन्सिल कागदावर फिरल्याचा आवाज झाला. तो ऑपरेटरने सगळ्यांच्या आधी ऐकला आणि गालात हसली.

चहा झाला. दादा प्यायला, वहिनी प्यायली. "छान झालाय गं," वहिनी म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकली.

"हं. आता हा अंगठा देऊन टाक," दादाने खिशातून फॉर्म काढला, दुसऱ्या खिशातून शाईची डबी. "मी सगळं भरलंय."

"वाचते."

"अगं अकरा प्रश्न आहेत."

"तुला जायचंय कुठे?"

तिने वाचला, मोठ्याने, पहिल्यापासून. स्वतः आंघोळ करू शकते का? नाही. स्वतः खाणं बनवू शकते का? नाही. एकटी बाहेर जाऊ शकते का? नाही. आपले निर्णय आपण घेऊ शकते का? नाही. प्रत्येक 'नाही' तिच्या तोंडून इतक्या सावकाश बाहेर पडला की दादाला तो पुरता ऐकावा लागला. मग तिने स्पंज गुंडाळलेलं जाड पेन मुठीत धरलं आणि एकेक 'नाही' खोडायला घेतला.

"बेबी! खोटं लिहू नकोस!"

"चहा प्यायलास ना?"

"ते वेगळं! अगं तळमजला जाईल. तिसऱ्या मजल्यावर टाकतील आपल्याला."

"आपल्याला नाही. तुम्हाला."

सिस्टर पुढे आली, एप्रनच्या खिशातून एक किल्ली काढून टेबलावर आत्यासमोर ठेवली आणि परत दारात जाऊन उभी राहिली. दादा त्या किल्लीकडे बघतच राहिला. त्याच्या पायाशी सूटकेस तशीच उघडी पडली होती.

"बेबी, असं नको गं करू," वहिनी काठीवर पुढे झुकली. "माझे गुडघे... मी तुझं काय वाईट केलं?"

"लग्नाला नेलं नाहीत."

"तुला त्रास होईल म्हणून—"

"विचारलंत?"

वहिनीने मान खाली घातली. आत्याने त्या वाकलेल्या मानेकडे पोटभर बघितलं. वहिनी तीन मजले चढते आहे, प्रत्येक जिन्यावर थांबते आहे, गुलाब खाली कुणा दुसऱ्याचे झालेत, हे सगळं तिने रात्रंदिवस मनात रंगवलं होतं, आणि आता ते एका सहीच्या अंतरावर होतं. तिने सही केली. अंगठा नाही, सही. वाकडीतिकडी, कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. दादाचा चेहरा पडला.

मग तिचं लक्ष खालच्या कागदाकडे गेलं. दादा हुशार माणूस, एखादा फॉर्म बिघडला तर असावा म्हणून दुसरा कोराही घेऊन आला होता.

"हा वहिनींच्या नावाने भरा," आत्या म्हणाली. "गुडघे त्यांचे आहेत. तळमजला त्यांच्या नावाने मागा."

दादा उजळला. "अरे, हे माझ्या डोक्यातच नाही आलं! भर, भर."

"मी लिहिते. प्रश्न पहिला. स्वतः आंघोळ करू शकतात का?"

"करते की," वहिनी म्हणाली, "स्टूल घेतलं तर—"

"नाही. नाही लिही, बेबी. स्वतः खाणं बनवू शकते का, नाही. एकटी बाहेर, तेही नाही."

"अहो, परवाच मी बाजारात—"

"तू थांब गं, तुला काय कळतंय त्यातलं. आपले निर्णय आपण घेऊ शकते का? नाही. लिही पटकन."

आत्या काही लिहीत नव्हती. पेन मुठीत धरून ती वहिनीकडे बघत होती. वहिनीचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला, मग त्याच्यावर काहीतरी असं आलं की जे आत्याने आजवर फक्त आरशात पाहिलं होतं.

"अहो," वहिनी म्हणाली, आणि काठी फरशीवर आपटली, "मी इथे बसलेय ना? जिवंत आहे मी! मला विचारा की!"

दादा आ वासून एकदा बायकोकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला. स्टुलावर ऑपरेटरने तोंडावर रुमाल दाबला. सिस्टरने मात्र या वेळी छताकडे बघितलं नाही.

आत्याने कोरा फॉर्म वळवून वहिनीसमोर सरकवला, पेन पुढे केलं आणि दाराकडे हनुवटी केली.

"दादा, तू जरा बाहेर जाऊन थांब. वहिनी, आता तुम्ही सांगा."